थोरलीचं तोंड

चित्रकलेच्या तासाला माझ्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे, "बस कर आता, घाण करू नको." पोरं ऐकत नाहीत. आभाळ चांगलं पातळ उतरलेलं असतं, खालून कागदाचा पांढरेपणा दिसत असतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी वाटतं, अजून थोडा निळा. मग अजून थोडा. घंटा होईपर्यंत त्या आभाळाचं पोतेरं झालेलं असतं. मी ते पोतेरं वर्गात उंच धरते, पोरं हसतात, ज्याचं असतं तेही हसतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. परभणीच्या एका शाळेत मी इतकी वर्षं हेच शिकवत आले. त्यामुळे चित्र कुठं थांबवायचं हे मला कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. कळत होतं. पण आमच्या घरातल्या त्या एका चित्राच्या बाबतीत ठरवणारी मी नव्हते, माझी आई होती.

आईला मी माय म्हणते आणि वडिलांना दादा. माय ही दादांची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर थोड्याच काळात काविळीने गेली. लेकरूबाळ काही नाही. घरात तिचं नाव कुणी घेत नाही, सगळे थोरली म्हणतात. गेली तेव्हा ती जेमतेम विशीची असेल. माय आज सत्तरीच्या पुढे आहे, तरी थोरली तीच आणि धाकटी मायच. पोखर्णीच्या आमच्या घरात दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर तिचा फोटो असे. काळापांढरा, स्टुडिओवाल्याने ओठांवर आणि कुंकवावर हाताने लाल रंग भरलेला. आलेला पाहुणा आधी तिला बघायचा आणि मग मायला.

मायच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात नखाएवढा चांदीचा टाक आहे. त्यावर बाईची आकृती ठोकलेली. पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नवी साडी आली की माय ती आधी फोटोसमोर धरायची, मग नेसायची. मी तापाने फणफणले, मायने फोटोपुढे नारळ फोडला. दादांची पिठाची गिरणी बंद पडली, तेव्हाही थोरलीचंच काहीतरी राहून गेलं असं तिनं ठरवून टाकलं. मला ह्या प्रकाराचा लहानपणापासून संताप यायचा. मेलेल्या पोरीला काय कळतंय आपल्या साडीतलं, असं मी एकदा बोलले, तर मायने माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला. तिचा हात गार पडला होता.

पितृपंधरवड्यात नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची एक तिथी असते, अविधवा नवमी. त्या दिवशी माय फोटो खाली उतरवून धुवायची. पुसायची नाही, धुवायची. देवाला पाण्याचा हात फिरवतात तसा काचेवर तांब्या ओतायचा, गंध लावायचं, वर ओलं फूल. मी कितीदा सांगितलं असेल की माय, तो कागद आहे, मूर्ती नाही. ती म्हणायची, "काच हाय की वरून." पाणी काचेच्या कडेने दरवर्षी थोडं थोडं आत उतरत राहिलं, आणि एका नवमीला तिला दिसलं की फोटोवर आतून बुरा आलाय. तिनं चौकटीचे खिळे काढले, फोटो वाळवायला उन्हात ठेवायचा म्हणून काचेपासून ओढला. कागद निघाला, पण तोंडावरचा रंग काचेलाच चिकटून राहिला. पदर, खांदे, मागचा स्टुडिओतला पडदा, सगळं कागदावर शाबूत. तोंडाच्या जागी नुसता पिवळा कागद.

आणि त्याच संध्याकाळी दादा देवळातून परत आले नाहीत. नरसिंहाचं देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दादा जन्मभर तिथं जात आले. गावातल्या कुणीतरी त्यांना फाट्यावरून हाताला धरून आणलं. "घर सापडना," एवढंच ते म्हणाले, आणि जेवून झोपले.

मी त्यांना परभणीला आणून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर सरळ माणूस होता. त्यानं सांगितलं, मेंदू आक्रसत चाललाय, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. जवळचं आधी जाईल, फार मागचं शेवटपर्यंत राहील. मी हे मायला दोनदा समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते डाक्टरचं झालं. माझ्या हातानं तिचं तोंड गेलं, म्हून ह्यांचं डोकं जायलंय."

"माय, रोग आहे तो."

"आसू दे रोग. तू चितारीण हायस ना? तिचं तोंड काढून दे. ती जाग्यावर आली की हे बी येतील."

दिवाळीच्या सुट्टीत मी रंगांची पेटी आणि ताणलेला कॅनव्हास घेऊन पोखर्णीला आले. तिच्या म्हणण्यावर माझा विश्वास होता म्हणून नाही. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा चित्र काढणं सोपं होतं, म्हणून. दुसरं म्हणजे माय तेव्हापासून धड झोपत नव्हती, आणि मला वाटलं, एक तोंड भिंतीवर लागलं की निदान ही तरी झोपेल.

तैलरंग घेतले ही माझी पहिली चूक. पाण्याचा रंग तुम्हाला थांबवतो. एकदा कागद मळला की मळला, पुढे जायला जागाच राहत नाही. तैलरंगात सगळं पुसता येतं. आज काढलेलं नाक उद्या खरवडून काढा, वर दुसरं बसवा, वर्षभर हेच करत बसा, कॅनव्हास तक्रार करत नाही.

पण काढायचं काय, हा प्रश्न होता. तिला पाहिलेलं हयात माणूस एकच, दादा. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. माझ्या डोक्यात ती फोटोतली होती खरी, पण जन्मभर समोर असलेल्या फोटोकडे माणूस बघतो कुठं? मला आठवत होते ते स्टुडिओवाल्याचे लाल ओठ. मी दादांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "दादा, थोरली दिसायला कशी होती?"

"कशी म्हंजी? बाईसारखी."

"नाक कसं होतं?"

"आता नाक कुणी बघतंय का?"

दोन-तीन दिवस असेच गेले. मग कंटाळून मी माझ्या मनाने एक लांबट चेहरा उभा केला. दादांनी मान वाकडी करून बघितलं आणि एकदम चिडले. "ही तर त्या जुन्या तलाठ्याची बायको दिसायली. तिचं तोंड आसं लांबडं कुठं व्हतं? गोल व्हतं, हनुवटीला टोक." आणि त्यांनी स्वतःच्या हनुवटीला चिमटा काढून दाखवला.

तिथं मला युक्ती सापडली. विचारलं की दादांना काही आठवत नाही, चुकवलं की आठवतं. मग मी मुद्दाम चुकवायला लागले. भुवया जाड केल्या की ते म्हणत, कोरल्यासारख्या होत्या. कपाळ मोठं केलं की म्हणत, केस कुठं गेले तिचे. हनुवटीवर गोंदणाचे ठिपके काढले नाहीत, तर बोट नाचवत म्हणाले, "तीन! आन् मधला जरा फाकलेला, गोंदणारीचा हात हलला म्हून." हे फोटोत कधी दिसलं नव्हतं. मी ब्रश हातात धरून बसले. एवढी वर्षं भिंतीवर असलेल्या बाईची हनुवटी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

सुट्टी संपली, तशी मी रविवारी यायला लागले. सकाळच्या बसने यायचं, दुपारभर काम करायचं, दिवस कलला की परत. दादा वाट बघत बसलेले असायचे. माझी नव्हे, चित्राची. मला ते कधी लेक म्हणायचे, कधी मास्तरीणबाई. खुर्ची चित्रासमोर आधीच ओढून ठेवलेली असे. आणि प्रत्येक रविवारी थोरली आणखी थोडी बाहेर यायची.

तिचं माहेर चुडाव्याकडचं. एकदा तिच्या डोळ्यांचं काम चालू होतं आणि दादा एकाएकी बोलायला लागले. "गाडीला उशीर व्हता. चुडाव्याच्या फलाटावर बसून आमी शेंगा खायलो. टरफलं तिच्या पदरात. गाडी आली तशी ही उठली की भसकन, सगळी टरफलं माझ्या अंगावर. माणसं बघायलेत, आन् ही हसायली. हसू दाबायची म्हून तोंडावर हात, आन् हाताच्या मागून हसायली." दादाही हसत होते. मी दादांना गडगडाटी हसताना पाहिलंय, उपहासाने हसताना पाहिलंय. असं लाजल्यासारखं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

आत माय भाकरी थापत होती. तो थप थप आवाज मधेच बंद पडला. मग पुन्हा सुरू झाला. मला त्या क्षणी थोरलीचा मत्सर वाटला, मायच्या वतीने. मायला दादा कधी कुठल्या फलाटावर घेऊन बसले होते? माय त्यांच्याबरोबर गेली ती लग्नाकार्याला, नाहीतर मातीला, आणि चालताना चार पावलं मागे.

संध्याकाळी माय मला हळूच म्हणाली, "तिला खायला काय आवडायचं, इचार बरं."

मी विचारलं. दादांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. "तिखट. ठेचा दे आन् बघ. गोडाला हात लावायची न्हाई, पुरणाचं ताट बघितलं की तोंड वाकडं."

माय दर नवमीला तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत आली होती. सोवळ्यात, उपाशी राहून. ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ गोठ्याकडे बघत होती. गोठ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, जनावरं आम्ही कधीच विकली होती.

चित्र पुढे जात होतं, आणि दादा मागे. हे मला पौषाच्या सुमारास जाणवायला लागलं. चित्रापुढून उठले की ते गप्प बसायचे. मायने चहा पुढे केला की तिच्या खांद्यावरून दाराकडे बघायचे. तिला "अगं" म्हणता म्हणता मधेच अडखळायचे. एकदा त्यांनी तिला वैनी म्हटलं. एकदा तिलाच सांगितलं, "तिला बोलव ना." माय म्हणाली, "कुणाला?" तर ओशाळून म्हणाले, "राहू दे, यील ती."

हे चित्रामुळे झालं, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना मी फोन करून विचारलं, ते म्हणाले, आजाराचा मार्ग ठरलेला असतो, चित्र काढा किंवा नका काढू. मी त्यांचं म्हणणं मानते. पण दुपारभर एका माणसाला उकरून उकरून मागे न्यायचं आणि संध्याकाळी तो पुढे का येत नाही म्हणून रडायचं, ह्यात काहीतरी चुकतंय हे कळायला डॉक्टर लागत नाही.

माघात एका रविवारी चित्र थांबायच्या त्या जागेवर आलं. ज्याने कधी काही केलंय त्याला ही जागा माहीत असते. चेहरा बसला होता. गोल, टोकदार हनुवटी, तीन ठिपके, कोरलेल्या भुवया, मिटलेले ओठ. घरोघरी भिंतीवर असते तशी एक शांत, मेलेली बाई. कुणाला त्रास न देणारी. मी मागे सरून बघितलं आणि ब्रश धुवायला घेतला.

"झालं का?" मायने विचारलं.

"झालं."

तिनं दादांचा हात धरून त्यांना चित्रासमोर आणलं. दादांनी नीट बघितलं, आदराने बघितलं. मग म्हणाले, "कोण हाय ही?"

माझ्या मनात आलं, बरं झालं. इथंच थांबावं. भिंतीवर टांगावं, हार घालावा, आणि मायने सुखाने तिला ठेचाभाकरी दाखवावी. पण मायचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्यायला वळखू येईना," ती म्हणाली. "म्हंजी झालं न्हाई."

"माय, झालंय. मला विचार, मी सांगते. ह्याच्यापुढे हात लावला तर बिघडेल."

"काय बिघडंल?"

मी चित्राबद्दल बोलत नव्हते. पण ते तिच्या तोंडावर कसं सांगणार? मी म्हटलं, "दादांना त्रास होतोय ह्याचा. प्रत्येक वेळी ते जास्तच हरवतात. तुला दिसत नाही का?"

"दिसायलंय की. म्हून तर म्हनायले, पुरं कर. अर्धंच तोंड घिऊन ती कुठं जाईल? ना ती भिंतीवर ना ती आमच्यात. म्हून हे बी अधांतरी हायेत." तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला होता. "तुला येतंय तर काढ ना गं नीट. माझ्याच्यानं झालं आसतं तर मी तुला कशाला मनले आसते?"

माय माझ्याकडे जन्मात काही मागायला आली नव्हती. चित्रकलेच्या शिक्षणाला मी जाते म्हणाले तेव्हा घरात एकटी तीच माझ्या बाजूने उभी राहिली होती, आणि मी काढलेली चित्रं मात्र तिनं कधी धड बघितली नव्हती. पहिल्यांदाच तिला माझ्या हातातलं काहीतरी हवं होतं. नाही म्हणायला फार मोठं काळीज लागतं. माझं नाही तेवढं.

पुढच्या रविवारी मी ओठ उघडले.

सगळं त्या ओठांतच अडलं होतं, हे मला आधीपासून माहीत होतं. दादांनी एवढं सांगितलेलं, ती हसायची, हसू दाबायची. मिटलेल्या ओठांची बाई त्यांच्या ओळखीची नव्हतीच, ती फोटोवाल्याची होती. मी डावीकडचा कोपरा जरासा वर ओढला. खालच्या ओठावर उजेडाचा एक ठिपका दिला. मग समोरच्या दातावर किंचित चढलेला बाजूचा दात, जो दादांनी कधीतरी सांगितला होता आणि मी मुद्दाम ठेवून दिला होता. मोजून बघितलं तर बोटाच्या पेराएवढी जागा. काम संपलं तेव्हा दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. खोटं कशाला बोलू, चित्र उत्तम झालं होतं. मी त्याआधी किंवा नंतर तसं काही काढलेलं नाही. ती बाई आता हसेल आणि तोंडावर हात नेईल, असं मलासुद्धा वाटलं.

दादा आतल्या खोलीतून आपले आपण बाहेर आले. चित्रासमोर थांबले. खुर्चीवर बसले नाहीत. त्यांचा चेहरा मी बघत होते, तो हळूहळू सैल होत गेला. कपाळावरच्या आठ्यासुद्धा कमी झाल्या.

"कवा आलीस?" ते म्हणाले.

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात त्यांचं जेवणाचं ताट. तिनं ऐकलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आनंदाचं. "वळखलं!" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "बघ, वळखलं त्यायनी! मी मनलं नव्हतं?" ताट तसंच हातात घेऊन ती पुढे आली, दादांच्या आणि चित्राच्या मधे उभी राहिली, आणि एखाद्या पोरीसारखी म्हणाली, "आता मला सांगा, मी कोण?"

दादांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, गोंधळूनही नाही. अनोळखी माणसाकडे बघतो तसं, सभ्यपणे. मग थोडं बाजूला सरून त्यांनी पुन्हा चित्र दिसेल अशी जागा घेतली.

"तुमी कोणाच्या घरच्या, बाई?"

मायने ताट जमिनीवर ठेवलं. नीट ठेवलं, आमटी सांडू दिली नाही.

मी टर्पेंटाईनमध्ये बुडवलेलं फडकं उचललं. रंग ओला होता. एक हात फिरवला असता तरी तोंड पुसून गेलं असतं. दात, हसू, उजेडाचा ठिपका, सगळं. उद्या ते पुन्हा "कोण हाय ही?" म्हणाले असते. मी फडकं चित्राजवळ नेलं आणि मायने माझं मनगट पकडलं. तिची पकड एवढी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं.

"हात लावू नको. झालं ते."

"माय, सोड. हे पुसते मी. हे नसलं की—"

"पुसलं तर ती जाईल," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दळण आणायला सांगावं तसा. "मी थोडीच येणार हाय तिच्या जागी?"

मी फडकं खाली टाकलं. मला माझ्याच हातांची किळस आली. दादा आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते त्या पोरीला हळू आवाजात काहीतरी सांगत होते, पावसाचं, कुठल्यातरी बैलाचं.

बऱ्याच वेळाने ते खुर्चीत बसले आणि त्यांचं लक्ष ताटाकडे गेलं. भूक लागली होती, पण ताटाशी बसलेली बाई त्यांना परकी होती. त्यांनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, ह्या कोण हायेत?"

मायनेच सांगितलं. पदर डोक्यावरून नीट घेत ती म्हणाली, "कामाला येती मी. भाकरी करायला."

"बरं बरं," दादा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. भाकरी करायला येणारी बाई त्यांना समजत होती. त्यांनी ताट पुढ्यात ओढलं आणि जेवायला लागले. मायने भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवून दिला, तो त्यांनी तिच्या हातून घेतला. भाकरी चांगली झालीय असं म्हणाले. आमच्या घरात स्वयंपाकाला चांगलं म्हटल्याचं माझ्या कानांवर तेव्हा पहिल्यांदा आलं.

अर्धं जेवण झाल्यावर ते मधेच थांबले.

"बाई, तुमी जेवलात का?"

मायने मान हलवली. नाही. तिनं दादांच्या आधी कधीच जेवण केलं नव्हतं, मी बघितल्यापासून तरी नाही. ते जेवणार, मग आम्ही, मग भांड्यात जे राहील ते घेऊन ती चुलीजवळ बसणार. ती कधी जेवली, काय जेवली, हे दादांनीच काय, मीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

"आसं कसं? दिवसभर राबायलात. बसा. मास्तरीणबाई, ह्यायला ताट वाढा. उपाशी कुणाला लावून देत न्हाईत आमच्या घरून."

"राहू द्या, मी मागून—"

"मागून काय? बसा म्हनायलो ना."

मी ताट वाढून आणलं. माय दादांच्या समोर बसली, मांडी घालून, अवघडून. तिनं पहिला घास घेतला आणि तो तोंडातच घोळवत राहिली. दादा आपलं जेवण सोडून तिच्याकडे बघत होते, ती खाते की नाही ते. मी तिच्या ताटात ठेचा वाढला, मग माझ्या लक्षात आलं की तिला ठेचा आवडतो की नाही हे मला माहीत नाही.

"घर लांब हाय का तुमचं?" दादांनी विचारलं.

मायने घास गिळला.

"न्हाई," ती म्हणाली, "हितंच हाय."

"मग सावकाश जेवा," दादा म्हणाले.